लाईनीचं खानदान

रज्जाक मास्तर कंदीच मास्तर न्हवते. यष्टीत कंडक्टर व्हते. जलमभर तिकिटं फाडली, घंटीची दोरी वढली, आन् रिटायर झाल्यावर एक दिस सकाळच्याला माझ्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनले, "आक्का, आजपासनं मला कंडक्टर म्हनायचं न्हाय. मास्तर म्हनायचं."

म्या भाकरी थापायलेली. म्या म्हनलं, "कामून? कंडक्टर म्हनल्यावर काय झोंबतंय तुमाला?"

"कंडक्टर सी पासनं सुरू हुतंय. सी माझ्या हद्दीत न्हाय. मास्तर एम पासनं. एम हाय."

हे हद्दीचं काय त्ये सांगते. मास्तर नोकरीवर असताना कुनीतरी पाशिंजर यष्टीत एक जाड बुक इसरून गेला. इंग्रजीची डिक्शनरी. मास्तरनी डेपोत जमा केली. वरीसभर पडून व्हती, न्ह्यायला कोन आलं न्हाय. मग सायबानं सांगितलं, रज्जाक, घिऊन जा आता, उंदरं खायलेत. मास्तर धाव्वी पास. त्येंनी त्ये बुक घरी आनलं आन् देवळीत ठिवलं. दिव्याची न्हवं, बुकाची देवळी केली.

मग भूकंप झाला. आमचं जुनं गाव समदं दगडामातीचं, बसलं जाग्यावर. माझा मालक गेला, धाकटं लेकरू गेलं. मास्तरची आई गेली. त्ये सांगत बसत न्हाय मी. सांगितल्यानं दगडं हालकी हुत न्हाईत. आठव्या दिशी मास्तर आपल्या घराच्या ढिगाऱ्यात भांडी हुडकायलेले, तर हाताला डिक्शनरी लागली. म्होरला पुठ्ठा न्हाय, मागला न्हाय. वरनं पाऊस पडून दोनी बाजूनं लगदा झालेला. मधलं तेवढं ऱ्हायलेलं. एल पासनं पी पस्तोर. मास्तरनी त्ये पत्र्यावर वाळत घातलं, पापडावानी. म्या तवा पत्र्याच्या शेडात बसलेली, रडून रडून डोळं कोरडं झालेलं. मास्तर आले आन् म्हनले, "आक्का, भूकंपाला इंग्रजीत अर्थक्वेक म्हनत्यात. ई पासनं. बगा, त्यानं सवताचं बी पान खाल्लं."

मला हासू आलं. आठ दिसात पयलं. मला लाज बी वाटली, पर आलं.

तवापासनं मास्तरचं इंग्रजी म्हंजी एल ते पी. त्यांना कुनी काय बी इचारलं की आदी पयलं अक्षर इचारायचे. लव्ह? हाय. लाईफ? हाय. मॅरेज, मदर, नेम, समदं हाय. डेथ? न्हाय. डायव्होर्स? न्हाय. म्या म्हनलं, "बरं झालं की मास्तर, वंगाळ तेवढं दगडाखाली गेलं." तर बुक मिटून घेतलं. मागनं मला कळलं, लॉस आन् पेन हे दोन शब्द त्येच्यात व्हते. त्या पानांला मास्तरनी घडी घातलेली. ती उघडत नसायचे.

नवं गाव सरकारनं बांदून दिलं. जुन्या गावात बोळ व्हते, नव्यात लाईनी. एकसारखी घरं, एकसारखी दारं. पयल्या वर्षी गडीमानसं रानातनं यायची आन् दुसऱ्याच्याच घरात शिरून पानी मागायची. माझं आन् मास्तरचं घर एका लाईनीत, भितीला भित. त्या लाईनीपासनंच मास्तरला याड लागलं.

त्येंचं म्हननं असं, की ह्यो शब्द दिसातनं सात बारी कानावर पडतो आन् सातीबी बारी येगळा आसतो. त्येंनी वही केली. वट्ट्यावर बसायचे आन् येनाऱ्याजानाऱ्याचं तोंड बगायचे. कुनी म्हनलं, "लाईन आली का वं?" की मास्तर उठलेच. "कोनती? नळाची का बत्तीची?" रेशनच्या दुकानात कुनी वराडलं, लाईनीत या, की लिहून घेतलं. पेरनीची लाईन येगळी, पायपाची येगळी. फोन लावला तर ती बाई म्हनती, लाईन बिझी हाय, ती अनिक येगळी. दांडगट दीर सरळ झाला की जावा म्हनायच्या, आला लाईनीवर. आन् यष्टीत लाईन चेकिंगवाले असायचे, तिकिटं तपासनारे. रिटायर होऊन धा वर्सं झाल्ती तरी कुनी लाईन चेकिंग म्हनलं की मास्तरचा हात आपसूक खांद्यावर जायचा, पिशवी हाय का बगायला.

एक बारी गिरनीत गेलाव आमी. तितं एक बाई तनतन करायलेली, "त्यो मुडदा माझ्या सुनंला लाईन मारतो!" मास्तर लगबगीनं वही घिऊन म्होरं. "बाई, मारतो म्हंजी नेमकं काय करतो? हातानं का डोळ्यानं?" बाईनं चप्पल काढली. म्या मधी पडले म्हनून मास्तर वाचले, न्हायतर त्या दिशी वहीत अनिक एक अर्थ चढला असता. घरी येताना मला म्हनतेत, "आक्का, लफ्ज चांगल्या घरचा दिसतो, पर संगत बिगाडली."

हे त्येंचं नेहमीचं. लफ्जाचं खानदान बगावं, म्हनायचे. पाव्हना आला तर गाव इचारतो, आडनाव इचारतो. मग लफ्ज सरळ घरात घेता, त्येला कोन इचारनार?

आता लाईनीचं खानदान डिक्शनरीत कंसात लिहिलेलं व्हतं. मास्तरनी बोट ठिवून दावलं मला. जुन्या कुठल्या परदेशी भाषेतला शब्द, आन् त्येचा अर्थ फ्लॅक्स. बास. आता फ्लॅक्स म्हंजी काय? तर फ्लॅक्स एफ पासनं. एफ हद्दीत न्हाय!

अकरा वर्सं मास्तर त्या फ्लॅक्सच्या मागं. बँकेच्या सायबाला इचारलं, त्यो म्हनला बोर्ड आसंल, निवडनुकीचा, फ्लेक्स. कंपाउंडरला इचारलं, त्यो म्हनला, थर्मासला फ्लास्क म्हनत्यात, तेच आसंल. मास्तरनी दोन वर्सं धरून ठिवलं की लाईन थर्मासातनं निघाली. त्येचा इचार बी करून ठिवला व्हता, "दवाखान्यात थर्मास घिऊनच मानसं लाईनीत उभी ऱ्हात्यात ना आक्का. त्येच्यावरनं."

म्या म्हनलं, "आसंल." मला काय, दुसरी पास मी. तिसरीत म्हशीमागं गेले त्ये गेलेच.

आता माझी नात. थोरला पोरगा आन् सून ऊसतोडीला जात्यात, सा महिने कारखान्यावर. पोरगी पाळन्यात व्हती तवापासनं माझ्यापाशी. नाव म्या ठिवलं, रेखा. मास्तरला मागनं ध्यानात आलं तर नाचायचे बाकी ऱ्हायले. "आक्का, रेखा म्हंजी रेघ, रेघ म्हंजी लाईन! तुमी पोरीचं नावच लाईन ठिवलं की वं!"

पोरगी बारकीपनापासनं येगळीच. मिक्सर बिगडला की खोलून बसायची, रेडिओचं आतडं बाहीर काढायची. बारावी झाल्यावर म्या म्हनलं हिला शिवनकाम शिकवावं. मास्तर म्हनले, "न्हाय. लाईन एल पासनं, पोल पी पासनं. दोनी हद्दीत हायत. हिला ह्याच लाईनला घाला." आता अशा कारनानं कुनी लेकराचं शिक्शन ठरिवतं का? पर मास्तरनी फारम आनला, सवता घिऊन गेले, आयटीआयला घातली. पोरगी पास झाली, परीक्शा दिली, खांबावर चढायची बी परीक्शा आसती, त्यात दोन गडी घसरले आन् ही चढली. लाईटीच्या खात्यात लागली. गावानं इचारलं, हिला लाईनमन म्हनायचं का लाईनवुमन? मास्तर म्हनले, "वुमन डब्ल्यूपासनं. हद्दीत न्हाय. लाईनमनच म्हना."

हितवर समदं हासन्यावारी. म्होरं लगनाचा इषय निगाला.

पयलं स्थळ आलं, तर यष्टी स्टँडावरनंच माघारी गेलं. तितं त्येंनी एका टपरीवाल्याला इचारलं, अमक्याची पोरगी कशी हाय? त्यो बिचारा सरळपनी म्हनला, "चांगली हाय की. सकाळपासनं लाईनवरच आसती." दुसऱ्या स्थळाचा फोन आला. फोन मास्तरनी उचलला, कारन मला फोनवर ऐकू कमी येतं. तिकडनं इचारलं, पोरगी कोनत्या लाईनला हाय? मास्तर म्हनले, "लाईनीच्याच." फोन ठिवला त्येंनी, परत उचलला न्हाय.

मला रात्रंदिस एकच घोर. पोरीचं लगन व्हावं, माझं डोळं मिटायच्या आदी. आन् पोरगी म्हनायची, "आज्जे, खांब सोडून लगन नगं मला." तिचं बी खरं. मी जलमभर दुसऱ्याच्या रानात वाकले, ही ताठ उभी ऱ्हाती, वर. कोनत्या तोंडानं सांगू की उतर? मास्तर मला तोंड दावंना झाले. एक दिस वट्ट्यावर बसून म्हनले, "आक्का, म्याच घातली ह्या लाईनला. आता ह्या लफ्जाला बी म्याच धुवून काढनार."

त्याच हप्त्यात रेखानं त्येंना बोलता बोलता इचारलं, "मास्तर आज्जा, तुमी त्ये फ्लॅक्स फ्लॅक्स करता, मोबाईलमधी बगितलं का?" आन् दोन बोटं फिरवली. "जवस," म्हनली. "फ्लॅक्स म्हंजी जवस. त्येच्या काडीचा दोरा काढत्यात. त्यो दोरा म्हंजी लाईन."

अकरा वर्सं, आन् दोन बोटं. मास्तर उठले, घरात गेले, कडी लावली. तीन दिस बोलले न्हाईत. पोरीशी बी न्हाय आन् माझ्याशी बी न्हाय. मी भितीपल्याड त्येंचं खोकनं तेवढं ऐकायची.

चवथ्या दिशी भितीवरनं डोकं काढलं. "आक्का. तुमच्या रानात जवस हाय का?"

"हाय की. हरबऱ्याच्या कडंनं दोन वळी. चटनीपुरतं."

"त्येचं काड मला द्या."

मग त्येंनी रेखाच्या मोबाईलात बगून समदं इचारून घेतलं. काड पान्यात भिजत घालायचं, धा-बारा दिस, मग साल सुटती. घालायचं कुठं? माझ्या हौदात. म्या म्हनलं घाला, कापडाला दुसरं पानी घेते. पाचव्या दिसापासनं जो वास सुटला बया! मेलेल्या जनावराचा वास बरा. आख्खी लाईन नाकाला पदर लावून हिंडायली. समोरची म्हनती, "म्हातारे, घरात काय मेलंय का?" ग्रामपंचायतीचा शिपाई फिनेल घिऊन आला आन् हौदात डोकावून म्हनला, "ह्ये काय वो?" मास्तर छाती फुगवून म्हनले, "लाईन." शिपाई वायरमनला बोलवायला गेला.

आन् त्यातच आमच्या हिकडल्या वाशीकडनं तिसऱ्या स्थळाचा निरोप. आईतवारी येतो. म्या मास्तरच्या पायाच पडायची बाकी. "काढा वो ती घान हौदातनं, पोरीचं वाटूळं हुईल!" मास्तर म्हनले, "काढायचीच हाय. तुमचा हात पायजे."

काड उन्हात वाळलं. म्या धोपाटन्यानं कुटलं. भुस्सा झडला आन् आत काय, सोनेरी केस! म्हातारीच्या डोक्याला नसतेत असलं मऊ. माझी लाकडाची फनी घिऊन इंचरलं. आता अंबाडीचा दोर मांडीवर वळायचा म्हंजी माझं लहानपनीचं काम. तसंच हे वळलं. दीड वाव, म्हंजी पसरल्या हातांच्या दीडपट दोरा झाला. मास्तरनी त्यो दोनी हातावर घेतला, लेकरू घ्यावं तसा.

आईतवारी पाव्हनं आले. पोरगा, त्येचा चुलता आन् त्येची आत्या. आत्या म्हंजी घरची सरकार, दिसताच कळलं. चुलता आल्या आल्या गादीला टेकला आन् पेंगाय लागला. माझा पोरगा-सून कारखान्यावर, म्हनून बोलायला मास्तर. म्या त्येंना आदीच हात जोडून सांगितलं, "आज लाईन हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाय. मेला तरी न्हाय." मास्तरनी कानाला हात लावला.

आत्यानं च्याचा कप घेतला आन् इचारलं, "पोरगी काय काम करती म्हनला?"

मास्तर माझ्याकडं बगत म्हनले, "तारवर आसती."

"तारवर?"

"म्हंजी खांबावर. वर ही आसती, खाली चार गडी उभं ऱ्हात्यात, वर बगत."

आत्याचा कप वठापाशी थांबला. म्या डोळं मिटलं. आन् त्याच टायमाला पंखा घरघरत थांबला. मार्चाचं ऊन, सिमेटाचं घर, क्शनात घाम.

आत्याच म्हनली, "आगं बया, लाईन गेली."

मास्तर ताडकन उठले. "तुमी म्हनला! आक्का, म्या न्हाय म्हनलो, ह्येंनी म्हनलं!"

रेखा आतनं पव्ह्याची ताटं घिऊन आली तवर तिचा फोन वाजला. ऐकलं, ताटं खाली ठिवली. "आत्या, तार तुटलीय शाळंपाशी. अर्ध्या घंट्यात येते." साडी सोडून पँट घातली, पट्टा आन् टोपी घेतली, गाडीला किक मारली आन् गेली.

आत्या माझ्याकडं बगाय लागली. "ही कुठं चालली?"

 मास्तर खाली मान घालून म्हनले, "लाईनवर."

"उठा रं!" आत्यानं चुलत्याला ढोसलं. "बगायला बसिवलेली पोरगी पाव्हन्याच्या म्होरनं लाईनवर जाती. आमी काय येड्याच्या घरातनं आलाव का?"

 भूकंपात कळायच्या आदी समदं झाल्तं. हितं समदं कळायलेलं. आन् मास्तर दारात आडवं उभं. हातात त्यो दोरा.

"बाई, एक मिनिट. लफ्जाचं खानदान बगा, मग जावा. ह्ये टोक धरा."

"हे काय?"

"धरा तर."

काय की बाई, मास्तरच्या आवाजात कंडक्टर व्हता त्या टायमाला. म्होरं सरका म्हनल्यावर आख्खी यष्टी सरकायची, तसा. आत्यानं टोक धरलं. मास्तरनी दोऱ्याला गेरू चोळला, भितीला ताठ लावला, मधी चिमटीनं वढून सोडला. फट्ट! चुन्याच्या भितीवर तांबडी रेघ. सुतासारकी सरळ.

"ही लाईन," मास्तर म्हनले. "ही हिची आय. जवसाचा दोरा. गवंडी भित आखतो ह्यानं. ह्याच्यावरनं वळ झाली, रांग झाली, रूळ झाले, तार झाली. आमची पोरगी ती तार जोडती. आता मधी एक अर्थ बिगडला, मला बी ठाव हाय. पर बाई, घरात धा लेकरं असली तर एखांदं वाया जातं. म्हनून खानदान वंगाळ म्हनायचं का?"

 आत्यानं हळूच चुलत्याकडं बगितलं. त्यो परत गादीला टेकून घोरायलेला.

"न्हाय," ती म्हनली. "तसं कसं म्हनावं."

मग तिनं दोरा नाकाला लावला. "वास मारतोय की ह्येला."

म्या म्हनलं, "बाई, तुमाला काय ठाव, आता लई कमी झालाय."

ती हासली. म्या ताटं म्होरं केली, जवसाची चटनी वाढली, कारन दुसरं घरात व्हतंच काय. आत्या बोटानं चाटून म्हनली, "आमच्यात बी जवस आसतंय, पर आमी नुसतं खातो. तुमी लाईनीच काढायलाव." तेवढ्यात पंखा फिरला. भायेर लेकरं वराडली, "लाईन आली! लाईन आली!" आत्यानं वर पंख्याकडं बगितलं.

"ही तिनं आनली?"

"तिनंच."

 मग आत्या पदर सारखा करून म्हनली, "आमच्या वस्तीवर आठ दिस झालं, लाईन न्हाय. मोटार बंद हाय. हापिसात कोन ऐकत न्हाय." आन् आवाज बारीक करून, "हिची हिकडनं तिकडं बदली हुती का वो?"

मास्तर म्हनले, "ट्रान्सफर टी पासनं. माझ्या हद्दीत न्हाय. पर हुतीया."

रेखा आली तवा घामानं भिजलेली, कपाळाला काळं लागलेलं. आत्या पोराला म्हनली, तुला काय इचारायचं त्ये इचार. पोरगा दूध डेरीत कामाला, मुक्यावानीच. त्येनं एकच इचारलं, "वर भ्या वाटत न्हाय का?"

रेखा म्हनली, "वर न्हाय वाटत. खाली पव्हं घिऊन येताना वाटलं."

पोरगा लाजला. ठरलं. दोनी पोरांनी खांबाचं, म्हंजी पोरीचं काम सुटनार न्हाय त्येचं, बोलून घेतलं आदी, मग बाकीचं. आत्या जाताना मास्तरला म्हनली, "तुमी मास्तर, कोनत्या शाळंत व्हता?" मास्तर म्हनले, "एल ते पी." ती म्हनली, "आस्सं का," आन् गेली.

लगनात माझा पोरगा आन् सून आले, ऊस संपला व्हता. पंगतीला मास्तर उभं ऱ्हाऊन वाढप्याला वराडायलेले, लाईनीत वाढा, लाईनीत. तीन म्हैन्यानं बदली बी झाली. आता आत्याच्या वस्तीवर मोटार चालती आन् आत्या समद्या गावाला सांगत हिंडती, आमची सून लाईनवर हाय. म्या ऐकलं तवा मला वाटलं, मास्तरनी शब्द खरंच धुतला.

म्होरल्या साली हिवाळ्यात मास्तर गेले. सकाळी वट्ट्यावर बसले, वही मांडीवर, आन् तसेच कलंडले. दवाखान्यात न्ह्यायची बी गरज लागली न्हाय. म्या भितीवरनं हाक मारली, "मास्तर, च्या झालाय," आन् उत्तर न्हाय. मला पयला इचार काय आला म्हनाल, तर डेथ डी पासनं. ह्येंच्या हद्दीतच न्हवतं की वो. कसं काय आलं.

मानसं जमली. वाशीकडनं रेखा आली, नवरा आला, आत्या बी आली. दुपारी मास्तरचा पोरगा, परगावी कामाला आसतो त्यो, माझ्या दारात आला. डोळं लाल. "आक्का, कबर आखायला दोरी पायजे. घरात नायलॉनची हाय, पर..."

 भितीवर ती तांबडी रेघ व्हती, दिवाळीला चुना मारला तरी तेवढी जागा म्या सोडलेली. तितंच खिळ्याला दोरा टांगलेला. त्यो काढला. दीड वाव. मानसापेक्शा लांबच.

पोरानं हातात घेतला आन् वळखला. "अब्बाची हाय ही."

"व्हय. घिऊन जा. ताठ धरा म्हनावं."

बायकांला तितं जायाचं नसतं. आमी लांबनं बगितलं. मानसं नमाजाला उभी ऱ्हायली, एकामागं एक वळी करून, खांद्याला खांदा. रेखा माझ्या कानात म्हनली, "आज्जे, लाईन." म्या म्हनलं, गप. पर मला बी तेच दिसायलेलं.

दोरा सांजच्याला परत आला, माती लागलेली. धुतला न्हाय म्या. खिळ्याला तसाच अडकिवला. मास्तरच्या पोरानं वही आनून दिली, म्हनला आक्का, तुमीच ठिवा, आमच्यात कोन वाचनार. रेखानं मोजलं, सत्तावीस अर्थ. शेवटचा मास्तरच्या हातचा, पंगतीचा.

म्या दुसरी पास. पेन्सिल मागितली. अठ्ठावीस म्हनून आकडा घातला, तेवढा येतो मला. म्होरं अक्षर अक्षर लावून लिहिलं, मास्तरची कबर सरळ आली. मग खाली रेघ मारायला गेले, शाळंत मारायचो तशी. वाकडी आली. खोडली न्हाय. दोऱ्याबिगर सरळ कुनाची येती.